राज्य कोणावर?

दिवाळीची सुटी लागली की आमच्या इमारतीच्या तळाशी, मोटारी उभ्या करण्याच्या जागेत, दोन उद्योग एकदम सुरू होतात. एका कोपऱ्यात माती, विटांचे तुकडे आणि जुनी गोणपाटे गोळा होऊन किल्ला आकार घेऊ लागतो. आणि उरलेल्या जागेत, दोन मोटारींच्या मधल्या फरशीवर, दिवेलागणीपर्यंत खेळ चालतात. वरच्या गॅलरीत आमच्यासारखी मंडळी चिवड्याची बशी मांडीवर घेऊन दिवाळी अंक चाळीत बसलेली असतात. खालून येणाऱ्या गलक्यात एक प्रश्न दर पाच-दहा मिनिटांनी हमखास ऐकू येतो : “राज्य कोणावर?”

ह्या प्रश्नाचा निकाल लावण्याची मुलांची रीत ठरलेली आहे. सारी मुले गोल उभी राहतात. एक जण प्रत्येकाच्या छातीला बोट लावीत एक गाणे म्हणतो. गाण्याचा शेवटचा शब्द ज्याच्यावर पडेल तो सुटतो. आणि असे एकेक सुटता सुटता जो मागे उरतो त्याच्यावर राज्य येते. गाणे कोणते, ते गल्लोगल्ली निराळे. आमच्या लहानपणी साताऱ्याच्या वाड्यात अडम-तडमने सुरू होणारे गाणे चाले. ते अजूनही चालते हे मी गॅलरीतून ऐकतो. मधले चार शब्द मात्र आमच्यापेक्षा वेगळे आहेत.

परवा शेजारचे गृहस्थ माझ्याबरोबर हा प्रकार पाहत होते. मला म्हणाले, “तुम्ही जन्मभर मराठी शिकवलंत. ह्या असल्या गाण्यांना काही अर्थ असतो का हो?” त्या वेळी मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण प्रश्न मनातून जाईना. कारण तो जितका साधा दिसतो तितका नाही, आणि त्याचे चुकीचे उत्तर मी स्वतः एकदा देऊन बसलो आहे. ती कबुली पुढे येईलच.

ह्या प्रश्नाला मोठ्या माणसांकडून साधारणपणे दोन उत्तरे मिळतात. पहिले असे, की ह्यात अर्थ वगैरे काही नाही. मुलांची बडबड आहे, तोंडाला चाळा आहे. दुसरे उत्तर विद्वानांना अधिक आवडते. ते म्हणतात, अर्थ आहे, पण तो गाडला गेला आहे. खोदून काढला पाहिजे. एखाद्या ओळीत राजाचा खून दडलेला असतो, एखाद्या ओळीत दुष्काळ, एखाद्या ओळीत महामारी.

ह्या दुसऱ्या उत्तराचे जगप्रसिद्ध उदाहरण इंग्रजी आहे, आणि ते आपल्याला परके नाही, कारण आपल्या शहरांतल्या शिशुवर्गांत आज मराठी मुले हात धरून, गोल फिरून, शेवटी धपकन खाली बसून तेच गाणे म्हणतात. ‘रिंग अ रिंग ओ’ रोझेस’ हे ते गाणे. ह्या गाण्यातले गुलाब म्हणजे प्लेगच्या गाठीभोवतीची लाली, फुले म्हणजे दुर्गंधीवरचा उतारा, आणि शेवटचे पडणे म्हणजे मरण. १६६५ च्या लंडनच्या महामारीची ही आठवण, असे पुष्कळ सुशिक्षित लोक छातीठोकपणे सांगतात. सांगताना त्यांच्या अंगावर थोडा काटाही येतो. पण हिशेब जुळत नाही. महामारी १६६५ ची, आणि इंग्लंडात हे गाणे छापलेले सापडते ते १८८१ साली, केट ग्रीनअवेच्या पुस्तकात. मधली दोनशेहून अधिक वर्षे कोरी. शिवाय प्लेगचा हा अर्थ सांगितला जाऊ लागला तोही विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास. आयोना आणि पीटर ओपी ह्या दांपत्याने आयुष्यभर मुलांची गाणी आणि खेळ गोळा केले. १९५१ साली त्यांनी बालगीतांचा मोठा कोश प्रसिद्ध केला. त्यांना ही उपपत्ती मुळीच पटली नाही. ज्या शिंकेला रोगाचे लक्षण म्हणतात, ती शिंक गाण्याच्या कितीतरी पाठांत नाहीच. तिथे मुले नुसती वाकतात किंवा नमस्कार करतात.

मग ही प्लेगची कथा इतकी का रुजली? मला वाटते, मोठ्यांना मुलांचा निर्हेतुक आनंद सहन होत नाही म्हणून. धपकन खाली बसण्यात मौज आहे, एवढे कारण त्यांना पुरत नाही. त्या मौजेखाली एखादे प्रेत पुरलेले निघाले म्हणजे त्यांना बरे वाटते; गाण्याला वजन आल्यासारखे वाटते.

खोदणे सर्वस्वी व्यर्थ, असे मात्र मी म्हणणार नाही. कधीकधी खरोखरच काहीतरी हाती लागते. विटीदांडूचेच पाहा. विटी जिथे पडेल तिथून गल्लीपर्यंतचे अंतर आम्ही दांडूने मोजत असू, आणि मोजताना एक, दोन, तीन असे कधी म्हणत नसू. आम्ही म्हणत असू : वकट, लेंड, मूंड, नाल. ज्या शब्दावर मोजणी थांबे, त्यावरून पुढचा टोला पायावरून मारायचा की मुठीवरून की आणखी कुठून, ते ठरे. हे शब्द आम्हांला निव्वळ विटीदांडूचे वाटत. त्यांना दुसरा काही अर्थ असेल हे स्वप्नातही नव्हते. पुढे नोकरीनिमित्त सोलापुरात राहिलो. तिथल्या विणकरांच्या वस्तीत तेलुगू घराघरांत बोलली जाते. एकदा दुकानात एक बाई साड्या मोजीत होती : ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. मी उभ्या जागी थबकलो. आमच्या साताऱ्याच्या मैदानावरचे आकडे ती मोजीत होती!

इथे खोदकाम खरे ठरते, आणि का ठरते ते पाहण्यासारखे आहे. एखादा शब्द दुसऱ्या एखाद्या शब्दासारखा भासतो एवढ्यावर हा निष्कर्ष उभा नाही. चार शब्द, त्याच क्रमाने, मोजण्याच्याच कामासाठी, आणि ती भाषा शेजारच्याच मुलुखात बोलली जाणारी. इतकी साक्ष एकत्र आली म्हणजे नाकारता येत नाही. प्लेगच्या उपपत्तीपाशी ह्यातले काहीच नाही. पण ह्या शोधाचीही मर्यादा ओळखली पाहिजे. वकट म्हणजे तेलुगू एक, हे कळल्याने शब्दाची कुळी कळली. मैदानावर तो शब्द काय करीत होता, ते कळले नाही. ते आम्हांला, कुळी माहीत नसतानाच, पक्के ठाऊक होते. वकट म्हणजे पायावरून टोला!

आणि माझ्या मते मुलांच्या गाण्याचा अर्थ शोधायचा तो इथेच. ते गाणे काय सांगते हे विचारून फारसे काही हाती येत नाही. ते गाणे काय करते, हे विचारावे.

राज्य ठरवण्याच्या गाण्याकडे आता पुन्हा वळू. खेळायला दहा मुले जमली आहेत, आणि राज्य कोणालाच नको आहे. कारण मुलांच्या ह्या राज्यात उपभोग नाही. ज्याच्यावर राज्य त्याने डोळे मिटायचे, आकडे मोजायचे, एकट्याने सगळ्यांच्या मागे धावायचे, आणि पाठीमागून येऊन कुणीतरी धप्पा घातला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. (मोठ्यांच्या जगात ज्या गोष्टीसाठी माणसे एकमेकांचे गळे धरतात तिचेच नाव मुलांनी ह्या शिक्षेला द्यावे, ह्यावर एक सबंध लेख होईल. पण तो लिहायला बसलो की मीही खोदणाऱ्यांच्या पंगतीत जाऊन बसेन.) तेव्हा हे नकोसे काम कोणाला द्यायचे? सर्वांत मोठ्या मुलाने ठरवले तर ती दंडेली होईल. मते घेतली तर सगळे मिळून जो गरीब त्याच्या गळ्यात घालतील. अशा वेळी अर्थ नसलेले गाणे पुढे येते. त्याला अर्थ नसतो म्हणूनच ते कामाचे. त्यात ‘जो लबाड’ किंवा ‘जो काळा’ किंवा ‘जो नवा’ असे काही म्हटलेले असते, तर निकाल लागण्याआधीच भांडण लागले असते. अडम-तडम कुणाच्या बाजूचे नाही. ते कुणाला ओळखत नाही. म्हणून दहाही मुले त्याच्यापुढे मान तुकवतात, आणि ज्याच्यावर राज्य येते तो कुरकुरला तरी डोळे मिटतो.

हे चित्र जरा जास्तच गोजिरवाणे झाले, हे मला मान्य आहे. मुले देवदूत नसतात. गाणे ठरावीक ठोक्यांचे असले की निकालही ठरावीक असतो. सोळा ठोक्यांचे गाणे पाच मुलांत म्हटले तर शेवटचा ठोका पहिल्याच मुलावर येणार. सहा मुलांत म्हटले तर चौथ्यावर. हे गणित शाळेत पन्नासापैकी अठरा गुण मिळवणाऱ्या मुलालाही मैदानावर बरोबर येते. आमच्या इमारतीत एक आठ वर्षांची मुलगी आहे. कोणापासून मोजायला सुरुवात केली की आपण सुटतो, हे तिला न मोजता कळते. गाणे संपता संपता त्याला दोन शब्दांची शेपटी जोडणे, हीसुद्धा एक जुनी विद्या आहे. अमेरिकेत केनेथ गोल्डस्टीन नावाच्या लोकसाहित्याच्या अभ्यासकाने फिलाडेल्फियातल्या मुलांमध्ये बसून नेमक्या ह्याच युक्त्या टिपल्या. त्याचा निबंध १९७१ साली प्रसिद्ध झाला. आपण नशिबावर सोडतो असे मुले सांगतात, आणि प्रत्यक्षात त्यांच्यातली हुशार मुले निकाल हवा तिकडे वळवतात, असे त्याला आढळले. मला ह्यात गाण्याची नालस्ती दिसत नाही. लबाडी करायची तरी ती गाण्याच्या आत राहून करावी लागते, आणि दुसऱ्याने ती पकडली की गाणे पहिल्यापासून म्हणावे लागते. पुष्कळ मोठ्या सभांतही ह्याहून अधिक न्याय मिळतो असे नाही.

शब्दांचा बाहेरचा संदर्भ गेला तरी खेळ तसाच उभा राहतो, ह्याचे दुसरे उदाहरण मामाच्या पत्राचे. गोल बसलेल्या मुलांच्या पाठीमागून एक जण रुमाल घेऊन धावतो आणि कुणाच्या तरी पाठीशी तो गुपचूप टाकतो. आज खाली हा खेळ खेळणाऱ्या मुलांपैकी एकालाही मामाचे पत्र आलेले नाही. मामाचा चेहरा त्यांना दूरध्वनीच्या पडद्यावर दिसतो. पण रुमाल पाठीशी पडला की काय हे चाचपताना छातीत जे धडधडते, ते आमच्या वेळी धडधडत होते तसेच.

इथवर मी अर्थ नसलेल्या किंवा अर्थ गळालेल्या गाण्यांविषयी बोललो. पण सगळीच गाणी अशी नसतात. आश्विन महिन्यात मुली ज्या गाण्यांभोवती फेर धरतात, त्यांना चांगला ढळढळीत अर्थ आहे. कुठे त्याला भोंडला म्हणतात, कुठे हादगा, विदर्भात भुलाबाई. पाटावर हत्ती काढायचा, तो मधोमध ठेवायचा, भोवती फेर धरायचा, आणि शेवटी झाकलेली खिरापत ओळखायची. आमच्या वाड्यात पहिल्या दिवशी एक गाणे, दुसऱ्या दिवशी दोन असा क्रम चढत जाई आणि खिरापतीही तशाच वाढत.

ह्या गाण्यांतले एक कारल्याच्या वेलाचे आहे. सून माहेरी जायला विचारते. सासू म्हणते, कारल्याचे बी पेर, मग जा. बी पेरले, वेल येऊ दे. वेल आला, फूल येऊ दे. मग कारली, मग भाजी, मग जेवणे, मग उष्टी-खरकटी. माहेर आपले पुढे पुढे सरकत राहते. ह्या गाण्याला गाडलेला अर्थ शोधावा लागत नाही. तो उघड्यावर पडलेला आहे. आणि तो ज्या मुली म्हणत त्यांचे वय आठवले तर अंगावर शहारा यावा. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने ती मर्यादा दहावरून बारावर नेली, तर तेवढ्यावरून केवढे रणकंदन माजले. मुलीच्या लग्नाला निदान चौदा वर्षे तरी हवीत, असे म्हणणारा शारदा कायदा व्हायला १९२९ साल उजाडले. म्हणजे त्याआधीच्या कित्येक पिढ्यांत हत्तीभोवती फिरणारी नऊ-दहा वर्षांची मुलगी ज्या सासूचे गाणे म्हणत होती, ती सासू तिच्या घरी वाट पाहत होती.

माझी आजी नवव्या वर्षी लग्न होऊन ह्याच वाड्यात आली होती. मी तिला पाहिले ते पन्नाशी उलटल्यावर, खिरापत सांभाळीत ओसरीवर बसलेली. कारल्याच्या गाण्याला ती सर्वांत मोठ्याने हसत असे. सासूची प्रत्येक नवी अट आली की तिला हसू आवरत नसे, डोळ्यांना पदर लावून ती हसे, आणि मुलींना म्हणे, “आणखी एकदा म्हणा गं.” मला तेव्हा त्यात काही विशेष वाटले नाही. आजीला गाणे आवडते, एवढेच.

आता कबुली. शिक्षक झाल्यावर काही वर्षांनी शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलींचा भोंडला बसवण्याचे काम माझ्याकडे आले. मी नव्या विचारांचा मास्तर. अशी रडकी, जाचाची गाणी आजच्या मुलींच्या तोंडी कशाला, असे मला मनापासून वाटले. आणि तो विचार वाईट होता असे मी आजही म्हणणार नाही. मी कारल्याचे गाणे दुरुस्त केले. माझ्या गाण्यातली सासू सुनेला म्हणते, माहेरी जा, शिकायलाही जा, कारली मी बघते. चाल तीच ठेवली, यमके चोख जुळवली. मुलींनी पाठ केले, रंगमंचावर म्हटले, पाहुण्यांनी माझी पाठ थोपटली. पुढच्या आश्विनात शाळेच्या अंगणात मुलींनी आपण होऊन फेर धरला, तेव्हा मी खिडकीशी उभा राहून कान देऊन ऐकले. कारल्याचे गाणे आले. ते जुनेच होते. माझ्या सुधारलेल्या गाण्यातला एक शब्दही कुणाच्या तोंडी उरला नव्हता. सासूची एकेक अट आली की मुली खिदळत होत्या, नेमक्या तिथेच, जिथे आजी हसत असे.

त्या दिवशी मला आजीचे हसणे कळले. ते गाणे सासुरवासाची शिकवण नव्हते, आणि रडगाणेही नव्हते. ज्या सासूपुढे ब्र काढता येत नव्हता, तिची नक्कल करून तिच्यावर दहा जणींनी मिळून हसण्याची ती एकच परवानगीची जागा होती. मी सासूला चांगली केली आणि हसायला जागाच ठेवली नाही. गाण्याचा अर्थ मी शब्दांत वाचला होता; तो होता फेरात. आज सासू बदलली, लग्नाचे वय बदलले. पण आपल्याला हवे ते ‘आधी हे कर, मग ते कर’ म्हणून पुढे ढकलणारे कोणी ना कोणी प्रत्येक लहान मुलीच्या घरात असतेच. अभ्यास होऊ दे, मग जा. जेवण होऊ दे, मग जा. कारल्याचा वेल अजून चढतोच आहे.

आपल्या संतांनी ह्या बाबतीत माझ्यापेक्षा अधिक शहाणपण दाखवले. एकनाथांच्या भारुडांत फुगडी आहे, पिंगा आहे, हुतूतू आहे; तुकोबांच्या गाथेत फुगडी, टिपरी, विटीदांडू, चेंडूफळी आहेत. त्यांनी त्या खेळांतून परमार्थ सांगितला, पण मुलांना जाऊन असे सांगितले नाही की बाळांनो, फुगडी आता अशी घाला. त्यांनी खेळाकडून अर्थ घेतला. खेळात भरला नाही. हात सैल सोडला की दोघीही पडतात, हे ज्याने फुगडी नीट पाहिली त्यालाच सुचते.

आज भोंडला सभागृहांत होतो, ध्वनिवर्धक लावून, छापील पुस्तिका हातांत घेऊन, आणि परीक्षक गुण देतात. बालगीते पडद्यावर चित्रांसह येतात आणि कोल्हापूरपासून गोंदियापर्यंत एकाच चालीत, एकाच शब्दांत म्हटली जातात. ही मंडळी गाणी जपण्याच्याच हेतूने हे करतात, हे मी जाणतो. सरोजिनी बाबरांसारख्यांनी लोकसाहित्य समितीच्या खंडांतून केवढा ठेवा राखला, त्याचे ऋण मोठे आहे. पण जपून ठेवणे निराळे आणि खेळणे निराळे. आमच्या गल्लीत चार शब्द निराळे असावेत, शेपटी जोडता यावी, भांडण होऊन गाणे पुन्हा म्हणावे लागावे, ह्यातच ते गाणे जिवंत असते. परीक्षक बसला की शेपटी जोडणारी मुलगी चुकली असे ठरते. आणि मग राज्य कायमचे मोठ्यांवर येते.

म्हणून शेजाऱ्यांना आता मी उत्तर देऊ शकतो. होय, अर्थ असतो. पण तो वरच्या गॅलरीतून ऐकू येत नाही.

हे त्यांना सांगायला मी परवा खाली उतरलो, तर ते भेटले नाहीत. मुलांनी मात्र मला गाठले. एक गडी कमी पडत होता. आठ वर्षांच्या त्या गणिती मुलीने मला नखशिखान्त न्याहाळले आणि निकाल दिला, “आजोबा कच्चा लिंबू!” ज्यांच्या घरी हा शब्द विसरला गेला असेल त्यांच्यासाठी सांगतो : जो फार लहान असतो, ज्याला पळता येत नाही, पण ज्याला खेळाबाहेर ठेवले तर वाईट वाटेल, तो कच्चा लिंबू. तो सगळ्यांबरोबर धावतो, लपतो, ओरडतो. पण तो सापडला तरी त्याच्यावर राज्य येत नाही. हा नियम मुलांना कोणत्याही मास्तराने शिकवलेला नाही.

मी निमूटपणे पांढऱ्या मोटारीमागे जाऊन लपलो.